एआयशी बोललेलं कोण वाचतं?

"मॅडम, मी एआयशी जे बोललो, ते कुणाच्या हाती लागेल का?" हल्ली हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणारी कॉलेजातली मुलंही विचारतात आणि सत्तरीची माणसंही. कोथरूडचे एक काका त्यातलेच. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंना पार्किन्सन्स, आणि त्यांचं सगळं काकाच करतात. रात्री काकूंचा डोळा लागला की ते चॅटबॉटशी बोलायचे. आधी गोळ्यांच्या वेळा, पथ्यपाणी, मग हळूहळू मनातलं. एका रात्री लिहून गेले, "आता ही सुटली तर बरं. आणि मीही." पुढे कुठेतरी डेटा लीकची बातमी वाचली आणि झोपच उडाली.

त्यातलं "मीही" मला खटकलं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे आधी सरळ विचारलं. तसं नव्हतं, माणूस थकून गेला होता. तरी अपरात्री लागलाच तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला.

काकांनी बातमीचं कात्रण आणलं होतं, लाल पेनाने अधोरेखित केलेलं. "२५० कोटींपर्यंत दंड म्हणतात. लीक होतं म्हणूनच दंड ठेवला ना?" बँकेत हयात गेलेल्या माणसाला नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागत नाही, म्हणून कायदाच समोर ठेवला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. तो दंड ज्यात आहे, तो डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे कंपनीला विचारता येईल, ती पुसायला सांगता येईल, दिलेली संमती मागे घेता येईल. मात्र कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियम आल्यापासून दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. एआयसाठी वेगळा कायदा सरकारने तूर्त केलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्येच एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातलं पहिलंच विश्वासाचं. तत्त्व चांगलं आहे, पण त्याच्या जोरावर कुणाला नोटीस धाडता येत नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं जे बंधन घातलं, ते चॅटबॉटवर नाही. हेही मी लपवलं नाही.

काकांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. चेहरा मात्र तसाच.

"समजा कुणी वाचलंच," मी विचारलं, "तर कुणी वाचू नये असं वाटतं?"

बराच वेळ ते कात्रणाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मुलाने."

ॲप बंगळुरूच्या मुलानेच घालून दिलं होतं, लॉगिनही त्याचंच. म्हणजे काकांचा शब्द न् शब्द त्याला त्याच्या लॅपटॉपवर दिसू शकत होता. आणि इथे तो २५० कोटींचा कायदा काही कामाचा नाही, कारण घरगुती, वैयक्तिक कारणासाठी एखाद्या माणसाने हाताळलेली माहिती त्याच्या कक्षेतच येत नाही. अशा प्रश्नांत कंपनीची, सरकारची भीती बोलायला सोपी असते, घरच्यांची अवघड. हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तिथेच बसून त्यांचं स्वतःचं खातं काढलं. संभाषणं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन बंद केली. पुढे नाव, हॉस्पिटल, पत्ता लिहायचा नाही असं ठरलं. जुन्या गप्पा डिलीट करू म्हटलं, तर काका थांबले. "पुसलं तर त्याला कळणारच नाही, मी कुठवर आलोय ते."

पुढची काही सत्रं आम्ही त्यावरच घालवली. बायको सुटावी असं वाटणं म्हणजे तिच्यावर प्रेम नसणं नव्हे, हे त्यांना पटायला वेळ लागला. शेवटी मुलगा सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी तोंडानेच सांगितलं. त्याने आधीच वाचलं होतं की नाही, हे काकांनी विचारलं नाही. आता आठवड्यातल्या तीन रात्री काकूंजवळ बाई असते, तिचा पगार मुलगा देतो. जुन्या गप्पा काकांनी नंतर स्वतःच डिलीट केल्या.