एकदांडी की एकदंडी?

शंका अशी आली आहे: वाटेच्या कडेला, भिंतीच्या फटीत उगवणाऱ्या त्या पिवळ्या-पांढऱ्या फुलाच्या झाडाला 'एकदंडी' म्हणावं की 'एकदांडी'? आणि शास्त्रीय नावातलं 'ट्रायडॅक्स' म्हणजे जर 'त्रिदंड' असेल, तर दांड्या एक की तीन?

'एकदांडी' लिहावं. 'एकदंडी' हाही शब्द आहे, पण तो संन्याशाचा. एकच दंड बाळगणारा तो एकदंडी, तीन दंड एकत्र बांधून बाळगणारा तो त्रिदंडी. झाडाच्या नावात आहे ती आपली घरगुती 'दांडी'. मूळ दोघांचं एकच, संस्कृत 'दंड'. कंटकाचा काटा झाला, दंताचा दात झाला, तसा दंडाचा दांडा. अनुस्वार मात्र या शब्दानं सोडला नाही. दांड्याहून बारीक ती दांडी.

नाव किती नेमकं आहे ते फूल हातात घेतलं की कळतं. जमिनीलगतच्या पाल्यातून एक लांब, केसाळ, बिनपानाची दांडी वर येते आणि तिच्या टोकावर एकच फूल असतं. याच वनस्पतिकुळातल्या ओसाडी या रानझाडाला फुलांचे झुबके येतात. इथे प्रत्येक फुलाला स्वतंत्र दांडी. म्हणून 'एकच दांडी आहे जिला ती' असा बहुव्रीही सोडवायचा, 'एकदंत'सारखा. संख्या दिसली की द्विगू म्हणायची घाई होते, पण द्विगूत समूहाचा अर्थ लागतो (त्रिभुवन, पंचवटी) आणि तो इथे नाही.

आता ट्रायडॅक्स. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली या झाडाला 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'थ्रिडॅक्स' म्हणजे लेट्यूसची भाजी, तिच्याशी काही जण हे नाव जोडतात. दुसरी फोड 'तीनदा चावलेलं' अशी करतात, आणि मला ती फार आवडते, कारण ती फुलावर दिसते. फूल म्हणतो तो खरं तर पुष्पकांचा, म्हणजे इवल्या इवल्या फुलांचा, गुच्छ. मधली पिवळी पुष्पकं बारीक आणि पुष्कळ, कडेची फिकट पांढरी, पाकळ्यांसारखी दिसणारी, पाचेक. कडेच्या प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते असतात, कुणी दातांनी कुरतडल्यासारखे. ग्रीक 'डाक्-' (चावणे) आणि आपला 'दंश' हे एकाच मुळाचे शब्द. म्हणजे ही फोड घेतली तर ट्रायडॅक्सचं संस्कृत भावंड 'त्रिदंश' ठरतं, 'त्रिदंड' नव्हे. तीन आहेत ते पाकळीचे दाते, दांडी एकच. दोन्ही नावं खरी, फक्त पाहणाऱ्यांची नजर वेगवेगळ्या जागी पडली.

याच झाडाला 'दगडी पाला' आणि 'कंबरमोडी' असंही म्हणतात. जखमेवर चुरडून लावायचा म्हणून लोकांना त्याचा पालाच महत्त्वाचा, फूल नंतर. 'कंबरमोडी'ची घडण 'मानमोडी'सारखी (1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला मराठीत हेच नाव होतं). पण मानमोडी दुसऱ्याची मान मोडते. कंबरमोडीत कंबर झाडाचीच मोडलेली आहे, असं मी समजतो. खोड जमिनीवर आडवं पसरतं आणि मग टोकाशी उठतं. लॅटिन 'प्रोकम्बेन्स'चा अर्थही 'पुढे झुकून आडवं पडलेलं' असाच आहे! 'कम्ब' आणि 'कंबर' यांचा सारखा उच्चार मात्र निव्वळ योगायोग. कंबर आली फारसी 'कमर'वरून.

एक सूचना. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, त्यामुळे जुन्या संस्कृत निघंटूंत (वनौषधींच्या कोशांत) त्याचं नाव शोधू नये. तिथला 'भृंगराज' म्हणजे हे झाड नव्हे, तो माका. तो याच कुळातला असला तरी वेगळा: त्याचं फूल पांढरं, लहान, आखूड देठाचं, आणि कडेच्या पुष्पकांना हे तीन ठळक दाते नसतात.