नवी विंडोज टाकली आणि कॉम्प्युटर झोपला

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते आहे: ‘नवी विंडोज टाकली आणि कॉम्प्युटर बिघडला.’ बिघडला की आधीच बिघडलेला होता, हे कोणी पाहत नाही. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : परवा विंडोज ११ केली. पंखा सतत घोंघावतो, साधी फाइल उघडायलाही वेळ लागतो. परत १० टाकू का?

दोन दिवस धीर धरा. नवी विंडोज आल्यावर मागे अपडेट उतरत असतात, ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बसत असतात, शोधासाठी सगळ्या फाइलींची सूची नव्याने तयार होत असते. चार्जर लावून, स्लीप बंद करून एक रात्र चालू ठेवा. तरीही तसंच राहिलं तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून मागे जाता येतं, पण साधारण १० दिवसांतच, आणि तेही जुन्यावरच अपग्रेड केलं असेल तर. डिस्क साफ करून नव्याने टाकली असेल तर हा रस्ता नाही.

प्रश्न : विंडोज ११ ला ४ जीबी रॅम पुरते असं कंपनीच सांगते. मग माझा लॅपटॉप अडखळतो का?

४ जीबी बसवायला पुरते, वापरायला नाही. किमान ८ करा. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते, तेव्हा विकत घेण्याआधी तंत्रज्ञाला मॉडेल दाखवा.

प्रश्न : दोन अँटीव्हायरस टाकले आहेत, जास्त सुरक्षा म्हणून. चालेल ना?

नाही. एक काढा.

प्रश्न : टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नसलेल्या जुन्या मशीनवर भावाने युक्ती करून विंडोज ११ बसवली. अधूनमधून निळा पडदा येतो. काय करू?

‘अधूनमधून’ यावरून मला काहीच कळत नाही. पडद्यावर (नव्या आवृत्तीत तो काळा असतो) जो स्टॉप कोड येतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर स्टार्टमध्ये शोधून ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा. त्यात चूक निघाली तर रॅम काढून तपासून घ्या. आणि युक्तीने बसवलेल्या विंडोजला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. भावाने हे सांगितलं नसणार.

प्रश्न : एका मोफत प्रोग्रॅमने ४१२ चुका दाखवल्या. पैसे भरले की दुरुस्त करतो म्हणतो. भरू?

भरू नका, तो प्रोग्रॅमच काढा. कालच बसवलेल्या कोऱ्या विंडोजवर चालवलात तरी हे प्रोग्रॅम लाल अक्षरांत शेकडो चुका दाखवतात, कारण घाबरवणं हाच त्यांचा धंदा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, ‘साफ’ केल्याने वेग वाढत नाही. नको ती नोंद उडाली तर चालू असलेलंही बंद पडतं. ड्रायव्हर हवेच असतील तर विंडोज अपडेटमधून, नाहीतर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून घ्या.

प्रश्न : नवी विंडोज टाकल्यापासून कॉम्प्युटर मधेच अर्धा मिनिट गोठतो. माऊस हलतो, पण काही उघडत नाही. तीनदा फॉरमॅट केला. डिस्क सात वर्षांची आहे, टकटक आवाज येतो, पण तो आधीपासूनच येतो. फोटो डी ड्राइव्हमध्ये असल्याने काळजी नाही. चौथ्यांदा फॉरमॅट करू का?

करू नका. आणि काळजी करा, आत्ताच करा.

सी आणि डी म्हणजे दोन डिस्का, हा गैरसमज कुठून पसरला कोण जाणे. बहुतेक घरगुती मशीनमध्ये एकाच डिस्कवर पाडलेल्या त्या दोन खोल्या असतात. घर कोसळलं तर दोन्ही कोसळतात. तुमची डिस्क खराब भागातली माहिती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज ताटकळत बसते. गोठतं ते यामुळे. विंडोज बसवणं म्हणजे डिस्कवर हजारो फाइली लिहिणं. आजारी माणसाला तुम्ही तीनदा डोंगर चढायला लावलात. आणि आवाज ‘आधीपासूनच’ येत होता, तर इतके दिवस कशाची वाट पाहत होतात?

टकटक येत असेल तर मशीन बंद करा आणि फोटो मोलाचे असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्या. घरी उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका (हा सल्लाही फिरत असतो). ‘चेक डिस्क’ही चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला ती तपासणीच शेवटचा धक्का देऊ शकते.

बाकीच्यांनी, आवाज नसला तरी, हे करा: आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मगच तपासा. स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी पाहा. त्यांतले कच्चे आकडे (‘रॉ’ रकान्यातले) शून्य नसतील आणि वाढत असतील तर डिस्क बदला. शून्य असले म्हणजे डिस्क ठणठणीत, असंही नाही; कित्येक डिस्का इशारा न देता जातात. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, तर टकटकसुद्धा करत नाही. नवी डिस्क घ्याल तेव्हा एसएसडीच घ्या, वेगातला फरक पहिल्याच दिवशी कळेल. पण बॅकअपची सवय तिच्यासोबत विकत मिळत नाही.

प्रश्न : शटडाऊन करून सुरू केलं तरी त्रास तोच, रीस्टार्ट केलं की बरं. असं का?

‘फास्ट स्टार्टअप’मुळे. शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच परत उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करून पाहा. त्रास गेला तर एखादा ड्रायव्हर रुसलेला आहे.

प्रश्न : दुरुस्तीहून आलेला लॅपटॉप ४८ अंकी बिटलॉकर की (कुलूपबंद डिस्क उघडण्याची किल्ली) मागतो. दुरुस्त करणारा म्हणतो, फॉरमॅटशिवाय इलाज नाही.

त्याला थांबवा. दुसऱ्या मशीनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा, ही किल्ली बहुधा तिथे असते. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर तिथल्या आयटी विभागाला विचारा. घरातल्या आणखी कोणाच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता का, तेही आठवा. किल्ली कुठेच मिळाली नाही तर आतला डेटा मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. तेव्हा ही सगळी शोधाशोध संपेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका.