चार रात्रींत तीन राजधान्या कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मेच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि सासूबाई (वय ७१) युरोपला जायचं म्हणतोय. हातात चार रात्री आहेत. यजमानांनी व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट असा बेत आखलाय, ‘सगळं जवळजवळच तर आहे’ म्हणून. मी घरी गाण्याच्या शिकवण्या घेते, त्यामुळे माझा सगळा जीव व्हिएन्नात. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही आणि जिने फारसे चढवत नाहीत. कसं जमवावं?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि प्राग-बुडापेस्टवर काट मारा. व्हिएन्नाहून बुडापेस्ट रेल्वेनं अडीच-पावणेतीन तास आणि प्राग चार तास, हे खरं. पण त्या तासांत बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं आणि नव्या हॉटेलात खोली तयार होईपर्यंत लॉबीत ताटकळणं धरलेलं नसतं. दोनदा मुक्काम हलवलात तर एक अख्खा दिवस त्यातच गेला समजा. मी इतकी वर्षं टूर नेल्या. तीन शहरं धावत पाहून आलेली मंडळी नंतर मला फोटो पाठवून विचारतात, ‘ताई, हा पूल कुठला हो?’

एकच शहर केलंत की व्हिसाचाही घोळ उरत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, म्हणजे तुमचा ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान तीस हजार युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं आणि मोठ्या माणसाची फी ९० युरो. बोटांचे ठसे द्यायला दिल्लीला जावं लागेल, तेव्हा सासूबाईंचंही काम त्याच दिवशी उरका.

हॉटेल शोधताना पत्त्यातला पिनकोड बघा. व्हिएन्नाच्या चार आकडी पिनमधले मधले दोन आकडे म्हणजे वॉर्डाचा नंबर. १०१० म्हणजे पहिला, ऐन जुन्या शहरातला आणि महागडा. १०७० म्हणजे सातवा, १२२० म्हणजे बाविसावा, डॅन्यूबच्या पलीकडचा. ‘सेंटरपासून जवळ’ असं कुणीही लिहील, पिन खोटं बोलत नाही. तुम्हाला तिसरा, चौथा किंवा सातवा वॉर्ड बरा. उबान, म्हणजे तिथली मेट्रो, पायाशी असेल असं बघा आणि हॉटेलात लिफ्ट आहे का ते लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींत ती असतेच असं नाही.

आता पाहायचं काय? इथे मी जरा परखड बोलणार आहे. शॉनब्रुन राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत आणि त्यातल्या मोजक्याच पर्यटकांना उघड्या असतात. वेळेचं तिकीट काढून गर्दीबरोबर सरकत सोनेरी भिंती नि झुंबरं बघायची. ग्वाल्हेरच्या जयविलास महालाची झुंबरं बघत वाढलेल्या माणसाला त्याचं अप्रूप किती वाटणार? सहा वर्षांचा मोझार्ट १७६२ मध्ये मारिया थेरेसा राणीपुढे याच वाड्यात वाजवून गेला, तेवढं मनात ठेवा आणि बागेत जा. बागेला तिकीट नाही. सासूबाई फुलांच्या ताटव्यांशी बाकावर बसतील, तुम्ही दोघं टेकडीवरच्या ग्लोरिएटे या कमानीदार वास्तूपर्यंत चढून या.

संग्रहालयही एकच करा, कुन्स्टहिस्टोरिशेस. त्यात चित्रकार ब्रॉयगेलची खोली आहे. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठेही एकत्र नाहीत. १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र तिथलंच. त्याच्यासमोर बराच वेळ बसा आणि बाकीची दालनं राहिली तर राहू द्या. एक सांभाळा : सप्टेंबर ते मे हे संग्रहालय सोमवारी बंद असतं.

सेंट स्टीफनच्या देवळाच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो यजमानांना सोडा. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि पुमेरिन नावाची वीस टनांहून जड घंटाही तिथेच आहे. १६८३ मध्ये तुर्क वेढा उठवून पळाले तेव्हा मागे टाकलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये ही घंटा ओतली होती. १९४५ च्या आगीत ती पडून फुटली, मग तेच तुकडे वितळवून पुन्हा ओतली. किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या सासूबाईंना ही गोष्ट नक्की आवडेल.

आता तुमच्या गाण्याचं. देवळाच्या आसपास मोझार्टसारखे विग आणि लाल कोट घातलेली पोरं ‘कॉन्सर्ट, मॅडम?’ करत तिकिटं विकतात. त्यांच्याकडे बघूही नका. तो कार्यक्रम पर्यटकांसाठीच बसवलेला असतो. तुम्ही जायचं १८६९ मध्ये उघडलेल्या सरकारी ऑपेरा हाउसमध्ये. तिथे चारशेहून अधिक जागा उभ्यानं ऐकणाऱ्यांसाठी असतात आणि त्यांची तिकिटं त्याच दिवशी विकतात. बसायच्या चांगल्या जागेच्या मानाने ती अगदीच किरकोळ पडतात. आत गेलात की आपल्या जागेच्या कठड्याला ओढणी नाहीतर स्कार्फ बांधून टाका. ती जागा तुमची, मग खुशाल फिरून या. जुनी रीत आहे, कुणी हात लावत नाही. कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर गाण्याचे बोल इंग्रजीत सरकतात. पायात सपाट चपला घाला आणि साडी जरूर नेसा.

सासूबाईंना तीन तास उभं करू नका. एप्रिल ते जूनमध्ये काही प्रयोग त्याच इमारतीच्या बाहेरच्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पैसे पडत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत ती तारीख आधी शोधा, मग विमानाचं तिकीट काढा.

एक रात्र म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहासाठी ठेवा. तिथेही मागे उभ्याच्या जागा असतात. पण इथे जिभेवर ताबा हवा! तानसेन समारोहात ‘क्या बात है’ म्हणायची सवय लागलेल्या माणसाला ही शिक्षाच आहे. सिम्फनीचे सहसा चार भाग असतात आणि दोन भागांमधल्या शांततेत कुणी टाळी वाजवत नाही, मात्र सगळे मिळून दाबून धरलेला खोकला काढतात. ऑपेरात तेवढं कडक नसतं, गायिकेनं एखादी जागा जिंकली की ‘ब्राव्हा’ची आरोळी उठते.

एका सकाळी ७१ नंबरच्या ट्रामनं मध्यवर्ती दफनभूमीत जा. बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स एकाच आवारात शेजारीशेजारी आहेत. मोझार्टचं तिथे नुसतं स्मारक आहे. त्याला पुरलं सेंट मार्क्सच्या दफनभूमीत आणि नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही. चिंचेचा पाला मात्र शोधू नका, गळा सुधारायची ती सोय आपल्याच ग्वाल्हेरात, हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी.

उरलं सासूबाईंचं पोट. नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. भाज्यांचं सूप बऱ्याचदा हाडांच्या पाण्यात शिजवलेलं असतं आणि बटाट्याच्या सॅलडवरही तेच पाणी ओततात. काइझरश्मारन नावाचा गोड प्रकार म्हणजे सगळा अंड्यांचाच कारभार. सफरचंदाच्या श्ट्रुडेलची पारंपरिक पारी पीठ, पाणी, तेलाची असते, तरीही अंड्याचं विचारून घ्या. मेनूवर ‘व्हेगन’ लिहिलेलं असेल ते डोळे मिटून मागवा. घरून भाजणी, मेतकूट, गजक न्या, पण पेढे, खवा आणि तूप नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं आणि कॉफीहाउसात कॉफीच्या ट्रेमध्ये त्याचाच ग्लास ठेवलेला असतो. एका कॉफीवर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. सासूबाईंना दुपारी तिथेच टेकवा.

प्रश्न : व्हिएन्नात मेट्रोला फाटकंच नसतात म्हणे. मग तिकीट तपासतं कोण?
– मुरारहून एक विद्यार्थी

उत्तर : साध्या कपड्यातले तपासनीस, आणि ते अचानक उगवतात. कागदी तिकीट काढलंत की स्टेशनात शिरताना त्यावर निळ्या पेटीत एकदा शिक्का ठोकून घ्यायचा. तो नसेल तर तिकीट नसल्यासारखंच. दंड शंभर युरोंच्या वर आहे आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. विमानतळावरून हिरव्या रंगाच्या महागड्या गाडीऐवजी एस ७ लोकल पकड. वेळ थोडा जास्त लागतो, पण भाड्यात बराच फरक आहे.

प्रश्न : आमच्या बेतात नेमका रविवार येतोय. सगळं बंद असतं असं ऐकलंय. दिवस फुकट जाईल का?
– एक दांपत्य, नया बाजार

उत्तर : दुकानं बंद असतात, संग्रहालयं नाहीत. खरेदी शनिवारीच आटपा. दूध-ब्रेड लागलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात. सकाळी अकराला ऑगस्टिनर चर्चमध्ये जा. रविवारच्या प्रार्थनेत तिथे हायडन, मोझार्ट, शूबर्ट यांच्या रचना पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंदासह होतात. तिकीट नाही, शेवटी दानाची थाळी फिरते. ती पूजा आहे, मैफल नाही, तेव्हा फोन पर्समध्ये ठेवा आणि साडेदहालाच जाऊन बसा.