'वर द्या लागते' मधला 'वर' म्हणजे नक्की कोण?

पुण्याहून बदली होऊन नागपुरात आलेल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे, तिथे साध्या कपड्यातला एक माणूस ठेलेवाल्याशी हप्त्यावरून घासाघीस करत होता आणि शेवटी म्हणाला, "माह्याजवळ काय उरते भाऊ, वर द्या लागते." ताईंना हे 'द्या लागते' काय प्रकरण आहे ते कळलं नाही आणि 'वर' म्हणजे कुठे तेही कळलं नाही. शिवाय पेपरात रोज 'वरिष्ट अधिकाऱ्यांच्या वरदहस्ताने अवैध धंदे' वगैरे वाचायला मिळतं, तर तिथला वर आणि हा वर एकच का, असंही त्यांनी विचारलंय.

पहिलं सोपं आहे. आपल्याकडे 'द्यावं लागतं' मधला 'वं' गळून जातो. करा लागते, जा लागते, खा लागते, पाहा लागते. बाहेरून आलेल्याला वाटतं कोणीतरी हुकूम सोडून राहिलं, 'द्या!' म्हणून, पण तसं नाही, ते 'द्यावे'च आहे फक्त घाईत. आणि 'लागतं'चं 'लागते' होणं हे तर इकडे सगळीकडेच. (या ठिकाणी मात्र 'द्या' हुकुमासारखं ऐकू येतं यात ताईंचा काही दोष नाही.)

खरी मजा दुसऱ्यात आहे. हे वाक्य जरा उघडून बघा. 'देणे' हे क्रियापद असं आहे की त्याला तीन गोष्टी लागतात, कोण देतो, काय देतो आणि कोणाला देतो. शाळेत चतुर्थी शिकवताना 'संप्रदान' म्हणायचे ते हेच, ज्याला द्यायचं त्याची विभक्ती. आता 'वर द्या लागते' यात बघा, 'मला' गेलं, 'पैसे' गेलं, 'साहेबाला' गेलं, तिन्ही जागा रिकाम्या. उरलं काय तर नुसती सक्ती आणि एक दिशा. माझ्या मते मराठीतलं हे सगळ्यात हुशार वाक्य आहे, कारण ते ऐकणाऱ्याला सगळं कळतं आणि बोलणारा काहीच बोललेला नसतो. उद्या कोणी विचारलंच तर काय सांगणार, मी कोणाचं नाव घेतलं? मी तर क्रियाविशेषण वापरलं. आणि क्रियाविशेषणाला ना लिंग ना वचन, त्यामुळे 'वर' एक आहे की दहा आहेत, बाई आहे की पुरुष, तेही कळायला मार्ग नाही.

आता व्युत्पत्ती. हा 'वर' संस्कृत 'उपरि'चा, प्राकृतात 'उवरि', मग सुरुवातीचा उ गळून 'वरि', जुन्या मराठीत 'वरी' आणि मग आपला वर. हिंदीतला 'ऊपर' याचाच भाऊ. पण याला मराठीत दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे दिशा, वर बघ, वर ठेव. दुसरं म्हणजे जास्तीचं, उरलेलं, म्हणजे वरखर्च, वरकड, वरकमाई. वरकमाईतला वर आभाळाकडे जात नाही, तो पगाराच्या 'वर'चा आहे. त्यामुळे खालच्या माणसाकडे असतो तोवर पैसा वरकमाईतल्या वरचा, आणि तो पुढे सरकवला की 'वर द्या लागते'तल्या वरचा. नोट तीच पण वर बदलला.

वरदहस्तातला वर मात्र अगदी वेगळ्या घरचा. तो 'वृ' या धातूचा, निवडणे, मागून घेणे. देवाकडे मागितला तो वर आणि मांडवात निवडला तोही वर, दोन्ही एकाच धातूचे. वरद म्हणजे वर देणारा, म्हणून वरदहस्त. मूर्तीतली वरदमुद्रा पाहिली असेल तर त्या हाताची बोटं खाली असतात आणि तळवा आपल्याकडे, म्हणजे हात देतोय. पेपरातला वरदहस्त कोणत्या मुद्रेत असतो ते मी सांगायला नको. 'अभय'चंही तसंच, 'गुंडांना अभय' असं आपण सर्रास लिहितो, आणि अभय ही दुसरी मुद्रा, तिच्यात बोटं वर. एकेकाळी देव्हाऱ्यात असलेले हे शब्द आता फक्त क्राइमच्या पानावर दिसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. वरदहस्त शब्द चांगल्या अर्थानं वापरलेला शेवटचा कधी वाचला, आठवून बघा.

आणि हा 'वर' कुठे आहे हेही ठिकाणावर अवलंबून. ठेल्यावाल्यासाठी वर म्हणजे चौकातला बीट हवालदार. हवालदारासाठी वर म्हणजे ठाणं, ठाण्यासाठी वर म्हणजे सीपी ऑफिस, म्हणजे पोलीस आयुक्तालय, आणि नागपूरच्या सगळ्यांसाठीच वर म्हणजे शेवटी मुंबई. नकाशात मुंबई आपल्या खाली आहे, डावीकडे, पण 'वरून आदेश आला' म्हटलं की तो मंत्रालयातूनच येतो. म्हणजे आदेश वरून खाली आणि पैसा खालून वर, असं लोक मानतात, लोक म्हणतात म्हणून मी लिहितोय. फक्त डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनात, हा 'वर' स्वतःच रेल्वेनं नि विमानानं खाली उतरतो, मंत्र्यांच्या मुक्कामाचं रविभवन नि नागभवन भरून जाते, सीताबर्डीवर मोर्चे अडवलेले, तेव्हा आमच्या इथली म्हातारी माणसं म्हणतात, आला वरचा कारभार.

या वरला नाव देण्याचा एक मोठा प्रयत्न २०२१ मध्ये झाला आणि तो आमच्या नागपूर जिल्ह्याशी जोडलेला आहे म्हणून इथे लोकांच्या अजून तोंडात असतो. मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांची बदली झाली आणि तीन दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की गृहमंत्री अनिल देशमुख यांनी एका सहायक पोलीस निरीक्षकाला बार नि हॉटेलांतून महिन्याला १०० कोटी जमवायला सांगितले. देशमुख म्हणजे काटोलचे, त्यांनी आरोप नाकारला, पण हायकोर्टानं सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितल्यावर ५ एप्रिलला राजीनामा दिला, नोव्हेंबरात ईडीनं अटक केली आणि वर्षाहून जास्त आत राहून ते जामिनावर बाहेर आले. आणि पत्र लिहिणाऱ्या आयुक्तांवरच खंडणीचे गुन्हे नोंदले गेले, निलंबन झालं, ते २०२३ मध्ये मागेही घेतलं गेलं. यात कोण खरं ते ठरवायचं काम माझं नाही. शब्दांपुरतं बोलायचं तर त्या काही महिन्यांत 'वसुली' या शब्दाचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. वसूल मूळ अरबी, अर्थ 'पोहोचणं', जे आपल्यापर्यंत पोचलं ते वसूल. शेतसारा वसूल, बँकेची वसुली, तिकिटाचे पैसे वसूल, किती सज्जन शब्द होता. आमच्या शेजारी एक गृहस्थ सहकारी बँकेच्या वसुली विभागात होते, त्या वर्षी त्यांनी लोकांना 'रिकव्हरी'त आहे म्हणून सांगायला सुरुवात केली.

'हप्ता' तर आधीच गेला होता. फारसीत हफ्त म्हणजे सात, आपल्या सप्तचा सख्खा भाऊ, म्हणून हफ्ता नि सप्ताह एकच. देवळात सात दिवस बसला तो सप्ताह आणि सातव्या दिवशी गोळा केला तो हप्ता. नागपुरात अजून 'पुढच्या हप्त्यात येजा' म्हणजे पुढच्या आठवड्यात ये एवढंच असते, ताई, उगाच घाबरू नका.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. आपण धरून चालतो की 'वर द्या लागते' हे वाक्य म्हणजे साहेबांविरुद्धचा पुरावा. पण हे वाक्य बोलतो कोण? जो घेतो तो. ठेलेवाला दोनशे कमी करा म्हणतो तेव्हा घेणाऱ्याकडे याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही, मी तर मधला, माझ्या हातात काही नाही. कदाचित तो सगळेच खिशात घालत असेल आणि वरच्या साहेबाला या चौकात ठेला आहे हेही माहीत नसेल. कदाचित खरंच वर जात असतील. वाक्य दोन्ही वेळा अक्षरशः तेच असतं आणि वेगळं करायची कुठली सोय त्यात नाही. म्हणजे एका माणसानं दोनशे रुपयांची घासाघीस टाळायला शब्द वापरला आणि त्या एका शब्दात ठाण्यापासून महासंचालकापर्यंत सगळे संशयित झाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी तो सगळीकडे मिळते हे लोक बघतात, मग ते म्हणतात वर माहीत नसेल असं कसं होईल, आणि त्यांचंही चुकत नाही. एकतर वर माहीत आहे किंवा वरच्याला माहीत नाही, यातलं बरं कोणतं ते मला आजपर्यंत ठरवता आलं नाही. कुंपणानं शेत खाल्लं म्हणायला निदान कुंपण दिसावं लागतं.

आणि कायद्याच्या भाषेला हा 'वर' पकडताच येत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा असतो तो हाताचा. नोटांना फिनॉल्फथॅलिनची पावडर लावतात, मग हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. (यावरूनच 'रंगेहाथ' शब्द आला असं मला निदान पाच जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. नाही हो. ते हिंदी 'रंगे हाथों'वरून आलंय आणि तो रंग पावडरचा नाही, रक्ताचा.) सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं की लाचेच्या गुन्ह्यात मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला पाहिजेत, तक्रारदार फिरला किंवा वारला तर परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही चालेल पण सिद्ध व्हायला पाहिजेत. आता मागणी कोणाची, तर समोर उभा आहे त्याची. स्वीकार कोणाचा, त्याचाच. 'वर'ला हातच नाहीत तर पाणी गुलाबी कसं होणार. आणि वरच्या अधिकाऱ्यानं घेतलेल्या एखाद्या निर्णयाची चौकशी करायची तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून कलम १७अ प्रमाणे आधी सरकारची परवानगी लागते, जागेवर पकडायला ती लागत नाही. म्हणजे खालच्याला सापळा नि वरच्याला परवानगी, म्हणून पेपरात 'लाच घेताना पकडला' हे वाक्य बहुतेक वेळा शिपाई, हवालदार, फौजदाराचं असतं आणि आयपीएसचं नाव आलं की भाषा लगेच 'कथित आर्थिक गैरव्यवहार', 'अर्थपूर्ण संबंध' अशी संस्कृत होते. 'अर्थपूर्ण' हा शब्द पत्रकारांनी केलेला विनोद होता, आता तो विनोद आहे हेच लोक विसरले.

२००६ च्या प्रकाश सिंह निकालात सुप्रीम कोर्टानं पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणं करायला सांगितली, त्यात अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी राज्य पातळीवरचं. चांगलं आहे, पण तिथे तक्रार करायची तर कोणाविरुद्ध ते लिहावं लागतं. 'वर' लिहून चालत नाही. पुन्हा तीच चतुर्थीची नाही तर षष्ठीची रिकामी जागा, आणि ती भरायची हिंमत ठेलेवाल्यानं करायची.

गंमत म्हणजे महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', सज्जनांच्या रक्षणासाठी, दुष्टांच्या निग्रहासाठी. दोन्ही शब्द चतुर्थीत! कशासाठी ते स्पष्ट लिहिलेलं. ब्रीदवाक्यात विभक्ती अगदी पक्की आणि ठेल्यावरच्या वाक्यात तीच गायब.

राहिलं 'वरिष्ठ'. ताई, हा तिसराच. आपल्याला वाटतं वर असतो तो वरिष्ठ, पण पाणिनीच्या हिशोबानं हे 'उरु' म्हणजे रुंद, विस्तीर्ण, याचं सर्वोच्च रूप, उरु–वरीयस्–वरिष्ठ. म्हणजे मुळात सगळ्यात रुंद. काही साहेबांना पाहून पाणिनी आठवतो. त्याचा सख्खा शेजारी म्हणजे 'अपर'. अपर पोलीस आयुक्त, अपर पोलीस महासंचालक, यातला अपर म्हणजे संस्कृतातला 'दुसरा, आणखी एक', अतिरिक्त. पण आपल्याकडे पाट्यांवरसुद्धा 'अप्पर' लिहितात कारण लोकांना तो इंग्रजी अप्पर वाटतो, वरचा! आणि संस्कृतात 'पर' नि 'अपर' जोडीनं आले की अपर हा खालचा असतो. नागपुरात एका नेमप्लेटवर 'अप्पर' पाहून मी आत जाऊन सांगावं म्हणून दोन मिनिटं उभा होतो, मग शिपायानं काय काम आहे विचारलं आणि मी निघून आलो.

आणि तुम्ही प्रश्नात 'वरिष्ट' लिहिलंय, ते 'वरिष्ठ' पाहिजे, कनिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ सारखा ठ. अनिष्ट मात्र ट नंच.