पूजा होत नसेल तर आईवडिलांना घेऊन तमिळनाडूतल्या महाबलीपुरमला अर्धा दिवस घालवण्यात अर्थ आहे का?

आहे. आणि अर्धा नाही, अख्खा दिवस द्या. "पूजा होत नाही मग तिथे बघायचं काय" हे मी आमच्या साडूभाऊंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मुळात पूजा होत नाही हे अर्धंच खरं. समुद्रकाठचं देऊळ आणि पाच रथ (अखंड खडकातून कोरलेली रथाच्या नावाची देवळं) पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे नाही होत. पण गावातच, अर्जुनाच्या तपश्चर्येचं ते मोठं शिल्प आहे ना, त्याच्या जवळच स्थलशयन पेरुमाळचं देऊळ आहे, वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी, म्हणजे विष्णूच्या खास पवित्र स्थानांपैकी एक, रोजची पूजाअर्चा चालू. आईंचं तिथे समाधान होईल. फक्त सकाळी लवकर जा, तिकडे देवळं दुपारी बंद होतात.

आता खरं सांगतो मी का लिहितोय ते. आम्ही घराण्याने पाथरवट. मी नोकरीत गेलो पण वडिलांचा जन्म पाटे-वरवंटे घडवण्यात आणि गावोगाव जात्यांना टाकी लावण्यात गेला. त्यांना आणि साडूभाऊंना घेऊन दक्षिणेची टूर केली, रामेश्वर-कन्याकुमारी-मदुराई वगैरे नेहमीची. टूरवाल्याने (नाव नाही घेत) महाबलीपुरमला पाऊण तास ठेवलेला, तोही चहासकट! साडूभाऊ रथांपाशी उतरले, एक चक्कर मारली, "अर्धवट टाकलेलं काम आहे, चला" म्हणाले आणि शहाळं घेऊन बसमध्ये जाऊन बसले.

वडील मात्र त्या पाचांतल्या भीमाच्या रथाच्या खालच्या अंगाला उकिडवे बसले ते उठेचनात. तिथे दगड तसाच खडबडीत राहिलाय, टाकीचे घाव उघडे दिसतात. मला म्हणाले, "वरनं उतरत आलेत बघ हे लोक. कळस आधी झाला, पाया राहिला." म्हणजे आपल्या वेरूळच्या कैलासासारखंच, पण हे त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं, सातव्या शतकातलं. मग म्हणाले, "आपला काळा दगड कडक असतो पण एकजीव असतो, हा कणीचा आहे, बारीक नक्षी करायला गेलं की कणी उडते." मूर्तींवर दागिने कमी आणि अंग गुळगुळीत का ठेवलंय ते मला तेव्हा कळलं, कुठल्या गाइडने सांगितलं नव्हतं. गाइड पांडव इथे राहिले होते असं सांगत होता, ज्याचा काडीचाही संबंध नाही, नावं मागाहून लोकांनी चिकटवलीत. द्रौपदीच्या रथात तर दुर्गा आहे.

वडिलांचा हिशोब वेगळाच चाललेला. असल्या दगडात टाकी किती वेळ टिकेल, म्हणजे धार लावून पुन्हा पाणी पाजायला (तापवून पाण्यात बुडवून कडक करायला) भात्यावर किती माणसं लागली असतील. त्यांच्या मते कोरणाऱ्यांपेक्षा लोहार जास्त असणार. मॅनेजर शिट्ट्या मारतोय, बस भरलेली, आणि हे लोहार मोजतायत.

बसमध्ये चढलो तर साडूभाऊंनी सगळ्यांसमोर सुनावलं. त्यांना राजे तोंडपाठ. हा पल्लव राजा नरसिंहवर्मन म्हणजे आपल्या चालुक्य पुलकेशीला हरवून 642 साली बदामी घेणारा, त्याने हे करवून घेतलं, दृष्टी राजाची, हातोडा काय कुणीही मारतं. पाथरवटाच्या शेजारी बसून! वडील काही बोलले नाहीत, मी बोललो, आणि ते भांडण अजून लग्नाकार्यात निघतं. माझं म्हणणं आजही तेच आहे. राजा एकदा मेला की त्याची दृष्टी संपते. भीमरथाचं काम जिथे थांबलं तिथे शेवटचा घाव कुणा राजाचा नाहीये. आणि साडूभाऊ, तुम्ही हे वाचताय हे मला माहितीये.

बरं, तुमचं. चेन्नईहून ईसीआरने (समुद्रकाठचा ईस्ट कोस्ट रोड) साधारण 55-60 किलोमीटर. गावाला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं चेंगलपट्टू, त्यापेक्षा बस किंवा गाडी करा. किनाऱ्यावरचं देऊळ आणि रथ दोन्हीला एकच तिकीट चालतं, पहिल्या ठिकाणी फेकून देऊ नका. त्या देवळात दोन शिवाच्या गाभाऱ्यांच्या मधे झोपलेला विष्णू आहे तो चुकवू नका, लोक लाटांसोबत सेल्फी काढून परत येतात. अर्जुनाच्या शिल्पात खाली एक मांजर हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर आहेत, ते आईवडिलांना दाखवा, पूजेचा विषय निघणार नाही. नंतर गावातल्या मूर्तिकारांच्या गल्लीत जरूर जा. वडिलांनी तिथे एकाच्या हातातली छिन्नी मागून घेतली, त्याला मराठी येत नाही यांना तमिळ येत नाही, पण अर्धा तास गप्पा झाल्या (बस पुन्हा थांबली). आता कटर मशीन जास्त चालतं, धूळ फार उडते, दम्याचा त्रास असेल तर लांबूनच बघा.

टेकडीवरचा खडक गुळगुळीत आहे, गुडघे दुखत असतील तर वर नेऊ नका, खाली पाहण्यासारखं भरपूर आहे. रथांपाशी सावली कमी, म्हणून तिथे उन्हं चढायच्या आत जा. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर आधी विचार करा, आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारी-फेब्रुवारी बरं. टूरनेच जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी विचारा इथे किती वेळ थांबणार, आणि पाऊण तास म्हणाले तर दुसरा टूरवाला बघा.