तांब्यातली जास्वंद छापताना काळवंडते ती का

प्रश्न थोडक्यात असा : आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये तांब्यातल्या जास्वंदीचं स्थिरचित्र काढलंय, कॅनव्हास २०४८ × २७३२ पिक्सेल. ए-थ्रीच्या ३० सही केलेल्या प्रती काढायच्यात, पण नमुना प्रिंट काळवंडलेली आली.

आधी आकार. ए-थ्रीभर ताणलंत तर इंचाला जेमतेम १६५ पिक्सेल उरतात, शिवाय तुमचं चित्र ३:४ आणि ए-थ्री त्याहून निमुळता, म्हणजे कडेची पानं कापली जाणार. पिक्सेल वाढवून पाकळीच्या शिरा नव्याने उगवत नाहीत. कागद ए-थ्रीच ठेवा, चित्र ९ × १२ इंचांत छापा. इंचाला २२८ पिक्सेल पडतात, मॅट कागदाला ते पुरतात, आणि खाली सव्वादोन इंच कोरी जागा राहते. सही तिथेच करायची आहे. पुढच्या वेळी सुरुवातीलाच ३५०८ × ४९६१ घ्या. लेअर (चित्राचे एकावर एक थर) कमी मिळतात, ते सोसा.

आता काळवंडणं. त्यात प्रिंटवाल्याचा दोष बहुधा नसतो. पडदा उजेड फेकतो, कागद फेकत नाही. (ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने २०१० साली पॅरिसला आपली फुलं आयफोन-आयपॅडच्या पडद्यांवरच मांडली, तो प्रश्नच मिटवला!) ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट (पडद्याचे रंग आपोआप बदलणाऱ्या आयपॅडच्या सोयी) बंद करा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मग चित्र बघा. तांब्यामागची तपकिरी सावली तिथेच एकजीव झालेली दिसेल. कर्व्ह्जमध्ये (उजेड-सावली बदलायच्या साधनात) फक्त गडद भाग थोडा उजळा. जास्वंदीचा लाल मात्र पडद्याइतका पेटणार नाही. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलंत तर पाकळीवरच्या छटा सपाट होऊन लाल ठिगळ उरतं. त्यापेक्षा शेजारची पानं किंचित मळकट करा, लाल आपोआप उठतो. पार्श्वभूमीत पट्टे दिसत असतील तर तिथे २-३ टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका.

फाईल टिफ स्वरूपात, आरजीबीच (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच) द्या. सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) ऑफसेट छापखान्यासाठी, पिगमेंट इंकजेटला (रंगकणांच्या शाईच्या प्रिंटरला) ते करून दिलंत तर रंग विनाकारण मरतात. कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेला घ्या. त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) प्रिंटवाल्याकडून मागा.

तिसाच्या तीस लगेच छापू नका. आधी खऱ्या आकारात एक पट्टी काढा : पाकळी, तांब्यावरची चमक, काळोखी कोपरा. ती खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली पास केलेला लाल नंतर फसवतो. मग पूर्ण प्रूफ (पूर्ण चित्राची नमुना प्रत) पास करून जपून ठेवा. पुढची प्रत सहा महिन्यांनी काढलीत तरी ती त्याच्याशीच ताडायची.

क्रमांक डावीकडे ७/३० (तिसांतली सातवी) असा, सही उजवीकडे, दोन्ही पेन्सिलीने. आर्टिस्ट प्रूफ (चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती) वेगळे, तिसाला तीन पुरे. मोठ्या आकाराची आवृत्ती कधी काढायची असेल तर ते पहिली प्रत विकण्याआधीच प्रतीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रावर लिहा, नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाची फसवणूक होते. छापून झाल्यावर निदान २४ तास वाळू द्या, आणि फ्रेम करताना काच कागदाला टेकणार नाही एवढा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला.