चित्रं असताना वर्णन कशाला वाचायचं?

प्रश्न: पक्षी ओळखण्याच्या पुस्तकांत चित्रांशेजारी लेखकाची रसाळ वर्णनं असतात. खाडीकाठी ती खरंच कामी येतात का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: येतात, आणि कित्येकदा चित्राआधी येतात. ऐरोलीच्या काठावरून संध्याकाळी सूर्य समोर येतो. पक्षी नुसता काळा दिसतो, रंग-ठिपके हरवतात. हाती राहते ती लकब. तुतवार हा काठावरचा छोटा पक्षी चिखलात चालताना मागचा भाग सतत खालीवर हलवतो. उडताना ताठ पंख थरथरवत पाण्यालगत जातो. हे चित्रात मावत नाही, पक्ष्यांवर जीव असलेल्या माणसाच्या दोन ओळींत मावतं. सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ची (1941) गोडी त्यातच आहे.

पुस्तक घेताना नाचण या पक्ष्याचं पान उघडा. शेपटी फुलवून गिरक्या घेणं तिथे नसेल, तर दुसरं पुस्तक बघा.

एक मात्र जपा: लेखक भारावून विणीच्या हंगामातले रंग लिहितो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा तेव्हा विटकरी असतो. आपल्या खाडीत हिवाळ्यात तो करडा-तपकिरी दिसतो. अशा वेळी लांब सरळ चोच बघा, आणि तो उडाला की पंखावरची पांढरी पट्टी. ती दोन्ही हंगामांत तशीच असते.